बऱ्याबरोबर घ्यायची वाइन

ताईने मला नाशिककडून झाशीला सात वर्षं दर वर्षी एक, अशा तांबड्या वाइनच्या सात बाटल्या पाठवल्या. त्यातली पहिली तेवढी मी उघडली. बाकीच्या सहा मी माझ्या साहेबांना नेऊन दिल्या आणि ताईला दर वेळी सांगत राहिलो, की छान होती, अमुकबरोबर घेतली, तमुकबरोबर जास्त चांगली लागली. सातव्या बाटलीने जे झालं ते मला आता लिहून काढायचं आहे. तोंडाने मी ते फक्त एका माणसाला सांगितलं आहे, आणि तेही फार उशिरा.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं घर झाशीत सात-आठ पिढ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि बुंदेली. ताईला महाराष्ट्रात द्यायची असं वडिलांनी ती लहान असतानाच ठरवून टाकलं होतं. नात्यातल्या कुणीतरी नाशिककडचं स्थळ आणलं, द्राक्षाच्या बागा असलेलं मोठं घर. ती गेली. माझं लग्न झालं नाही. तिकडच्या मुली म्हणत, झाशी फार लांब. इकडे आमच्यातली घरं मोजकी, आणि तीही एकमेकांच्या नात्यातली. वडील गेल्यावर लक्ष्मी ताल या तळ्याकडच्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहिलो.

भावोजींनी पुढे खायची द्राक्षं काढून वाइनची लावली. ताई पत्रातून त्यांचं वर्णन करायची. ही द्राक्षं लहान, काळी, जाड सालीची असतात, दाताखाली बी येते, पाहुणे हौसेने तोंडात टाकतात आणि तोंड वाकडं करतात. त्यांची द्राक्षं एक वायनरी घ्यायची आणि वर्षाला काही बाटल्या घरी द्यायची. ताई स्वतः घोटभरच घ्यायची, पण तिला नाद लागला तो वेगळाच. कोणत्या पदार्थाबरोबर ती कशी लागते, हा. थालीपिठाबरोबर चांगली, वर लोणी असेल तर आणखी चांगली. पिठल्यासमोर ती उगाच मोठ्याने बोलणाऱ्या पाहुण्यासारखी वाटते. सुक्या मटणाबरोबर सगळ्यात छान. हे सगळं ती मला लिहायची, आणि शेवटी असायचं, 'आपल्या तिकडच्या जेवणाबरोबर कशी लागते ते तू सांग. गक्कड-भरत्याबरोबर घेऊन बघ. कंड्यांवर भाजलेल्या वांग्याला जो धुराचा वास असतो ना, त्याच्याशी हिचं जमेल असं मला वाटतं.' गक्कड म्हणजे आमच्याकडची निखाऱ्यावर भाजलेली जाड रोटी, आणि कंडे म्हणजे गोवऱ्या.

झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत पोस्टिंग असलेले एक सुभेदार तिच्या गावाजवळचे होते. दिवाळीच्या सुटीवरून परतताना ते बाटली आणून द्यायचे. भाऊबीजेला ताई येऊ शकत नसे, तेव्हा ही ओवाळणी उलटी, असं ती म्हणायची.

पहिली बाटली मी आई देवळात गेली असताना उघडली. आईपासून लपवणं भाग होतं. आमच्या एका पूर्वजाकडे किल्ल्यातल्या दारूखान्याच्या किल्ल्या होत्या असं आई अभिमानाने सांगे. दारूखाना म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूचं कोठार. शेजारचे पंडितजी तिला मुद्दाम छेडायचे, "तो माताजी, आपके पुरखे दारू का ठेका चलाते थे?" आई चिडून म्हणायची, "हमारे घर में दारू का एक ही मतलब है, जिससे तोप चलती है." अशा घरात मी स्टीलच्या पेल्यात वाइन ओतून स्वयंपाकघरात उभ्याने प्यायलो. तुरट लागली. जीभ कोरडी पडली. उरलेली मोरीत ओतली आणि वर दोन बादल्या पाणी टाकलं. ताईला फोनवर सांगितलं, "फार छान, ताई. जांभळासारखी."

"कशाबरोबर घेतलीस?"

काही सुचेना. त्या दिवशी जेवायला जे होतं ते सांगून टाकलं. "कढी."

ती इतकी हसली की मागे कुणीतरी विचारलं, काय झालं. "कढीबरोबर? तुझी जीभ आहे का चामडं आहे रे? आंबटाबरोबर ती मरते. पुढच्या वर्षी माझी लाज राख."

पुढच्या वर्षी माझ्या दफ्तरात बदल्यांचं वारं होतं. माझं नाव मऊरानीपुरसाठी निघालं होतं. आईला तेव्हा संधिवाताने दोन खोल्यांतून फिरणंही जड जायचं. मी ती दुसरी बाटली पिशवीत घालून साहेबांच्या घरी गेलो. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली. "अरे वाह, नाशिक की है? आपके तो घर की खेती है भई!" माझी बदली थांबली. ती बाटलीमुळे थांबली असं मी म्हणत नाही, साहेब भले गृहस्थ होते, आईचं दुखणं त्यांना माहीत होतं. पण त्यानंतर दर दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे जायचो आणि स्वतःला सांगायचो, की हे आईसाठी आहे. ताईला फोनवर वाइनविषयी सांगायला मी शिकलो. कढी पुन्हा म्हटलं नाही. तिने पत्रात जे सुचवलं असेल तेच थोडं फिरवून तिला परत सांगायचो. भरत्याबरोबर छान लागली, तू म्हणालीस तसंच, धुराचा वास आणि तो तुरटपणा. ती खूश व्हायची. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" इतक्या लांबून आपण दोघं एका ताटात जेवतो आहोत, असं तिला वाटत असावं. मी त्या ताटावर कधी बसलोच नव्हतो.

पाचव्या वर्षी भावोजी अचानक गेले. ताईला मूल नव्हतं. बाग दिराच्या हातात गेली. पत्रं कमी झाली. तेव्हा मोबाइल आले होते, पण त्या घरातला दिराच्या खिशात असायचा, आणि दुसरा फोन बैठकीत, सगळ्यांच्या मधोमध. ताई बोलायची ते हवापाण्याचं. छाटणी झाली, पाऊस नको तेव्हा आला, आईचे गुडघे कसे आहेत. आई फोन घ्यायची आणि ओरडून म्हणायची, "येत का नाहीस गं?" ताई म्हणायची, "येते, येते." मग आई फोन माझ्या हातात द्यायची.

सातव्या वर्षी सुभेदारांनी नुसत्या बाटलीऐवजी पुठ्ठ्याचा खोका आणून दिला. खाकी चिकटपट्टीने चहूबाजूंनी बंद केलेला. "ताई म्हणाल्या, हातात द्या, नीट उघडायला सांगा." मी नीट काय, उघडलाच नाही. बंद खोका भेट म्हणून जास्त शोभतो, एवढंच माझ्या मनात आलं. त्याच संध्याकाळी सायकलच्या कॅरियरला बांधून तो साहेबांच्या घरी पोचता केला.

आठ दिवसांनी मला ताप आला. चांगला चार-पाच दिवस राहिला. उठून दफ्तरात जायची मी घाई करत होतो आणि आई जाऊ देत नव्हती. अशात ताईचा फोन आला. तिचा आवाज दबका होता. मागे माणसांचा आवाज, भांड्यांचा आवाज.

"मग?" ती म्हणाली. "बरा?"

मला वाटलं, सुभेदारांकडून तापाचं कळलं असेल.

"कुठला बरा, ताई," मी म्हटलं.

"नाही?"

"इतक्यात तरी नाही."

तिने आवाज आणखी खाली आणला. "आई काय म्हणते?"

"आई म्हणते, इतक्यात नको. पुढचं पुढे बघू." मी दफ्तरात जाण्याविषयी बोलत होतो.

"असं म्हणाली आई?"

"हो. तिचं काय, तिला कशाचीही घाई नको असते."

"बरं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाइनचं तिने विचारलं नाही म्हणून उलट हायसं वाटलं. त्यानंतर तिचे फोन थांबले. मी केला तर कुणीतरी सांगे, बागेत गेली आहे. पुढच्या दिवाळीनंतर सुभेदार रिकाम्या हाताने आले आणि ओशाळून म्हणाले, या वर्षी काही दिलं नाही. आईचं तेच चालू होतं, "ती येत का नाही?" मी म्हणायचो, तिचे व्याप असतील. पुढच्या हिवाळ्यात आई गेली. ताई दहाव्याला पोचली आणि चार दिवस राहिली. सगळ्या बायकांनी आईच्या फोटोला फुलं वाहिली. ताई भिंतीला टेकून बसून होती. ती उठली नाही. प्रवासाने थकली असेल, असं मी समजलो. निघताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

मग मी एकटा राहिलो. एकट्याच्या घरात एक गोष्ट अशी होते की पातेली लहान होत जातात. आधी दोघांचं पातेलं माळ्यावर गेलं, मग कणीक मळायची परात वर गेली. गेलो दफ्तरात, आलो, जेवलो. मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. कधी कधी सकाळी चहा करताना मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "साखर संपली वाटतं." आपला आवाज ऐकू यावा म्हणून.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. सामान बांधायला मदत करावी म्हणून मी रविवारी सकाळी गेलो. साहेबांच्या पत्नी, भाभीजी, स्वयंपाकघरातले डबे रिकामे करत होत्या. एका डब्यातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला आणि माझ्याकडे दिला.

"भैया, ये आपकी अमानत. आपकी दीदी ने बरा बनाने की विधि भेजी थी, बोतल के गले में बँधी थी. मराठी पूरी तो समझ में आई नहीं, पर बरा, मठ्ठा, धुंगार, इतना तो पढ़ लिया. हमने वैसे ही बनाए. साहब ने उसी के साथ ली. कहने लगे, क्या जोड़ी मिलाई है!"

बरा म्हणजे आमच्याकडचा उडदाचा मोठा वडा. मठ्ठ्यात भिजवतात, आणि मठ्ठ्याला निखाऱ्यावर तूप-हिंग टाकून धुंगार देतात, म्हणजे तो धूर भांड्यात कोंडतात. लग्नाकार्यात बऱ्याशिवाय पंगत उठत नाही. आई फार छान करायची. झाशीच्या मराठी माणसाला हा शब्द दोन्ही कानांनी ऐकू येतो. एकाने वडा ऐकू येतो, दुसऱ्याने तब्येत.

कागद मी तिथेच, बांधलेल्या गादीवर बसून वाचला.

'यंदाची वाइन आपल्या बऱ्याबरोबर घे. मठ्ठा वेगळा ठेव, आंबटाशी हिचं पटत नाही. पण धुंगार वड्यांनाच दे, मग बघ. आणि दुसरं. मला तिकडे यायचं आहे, राहायला. इथे आता माझं कुणी नाही. आईला विचार. इथून फोनवर बोलता येत नाही, सगळे बसलेले असतात. म्हणून मी फक्त "बरा?" एवढंच विचारीन. आई हो म्हणाली तर, बरा झाला, म्हण. नाही म्हणाली तर नाही म्हण. मी समजेन. परत विचारणार नाही.'

भाभीजींनी विचारलं, "क्या हुआ? कुछ गलत बना दिया था क्या हमने?"

"नहीं भाभीजी," मी म्हटलं. "आपने बिलकुल ठीक बनाया."

घरी आलो आणि तो फोन शब्दाशब्दाने आठवत बसलो. कुठला बरा. इतक्यात नको. आई म्हणते, पुढचं पुढे बघू. आईने आपल्याला नको म्हटलं, हे धरून ताई जगत होती. आणि आई, लेक आपल्याला विसरली, असं समजत गेली.

त्याच दिवशी ताईला फोन करायला हवा होता. मी केला नाही. एक महिना केला नाही, एक वर्ष केला नाही, चार वर्षं केला नाही. स्वतःला सांगत राहिलो, की आता सांगून काय होणार, आई तर गेली. खरं कारण वेगळं होतं. सांगायचं तर आधी खोक्याचं सांगावं लागणार, साहेबांचं सांगावं लागणार, आणि भरत्याबरोबर छान लागली हेही सगळं उसवून दाखवावं लागणार. याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. ती चिठ्ठी मला वेळेवर मिळाली असती तर मी आईला विचारलं असतं का? मला खात्री देता येत नाही. आई तेव्हा माझी एकट्याची होती. तिची पथ्यं, तिची औषधं, तिचं माझ्यावर चिडणं, सगळं माझं. ताई आली असती तर आई तिच्याकडेच बघत राहिली असती. मी दोन खोल्या कशा पुरतील याचा विचार सुरू केला असता, आणि तो विचार मी बराच काळ चालू ठेवला असता. चूक खोक्याची झाली, हे खरं. पण त्या चुकीने मला एका परीक्षेतून सोडवलं होतं, आणि त्यात मी पास झालो असतो असं मला म्हणता येत नाही.

यंदा गेलो. सुभेदार निवृत्त होऊन गावी राहतात, त्यांच्याकडून कळलं होतं की ताईने दिराचं घर सोडलं आणि वायनरीतच कामाला लागली. मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लांब लाकडी टेबलामागे ती उभी होती. केस पांढरे, चष्मा, सुती साडी. समोर मुंबईहून आलेली चार-पाच माणसं. ती त्यांना सांगत होती, "चीजच हवं असं काही नाही हो. घरी वांगं भाजता ना? गॅसवर नका भाजू, कोळशावर भाजा. मग घ्या आणि मला सांगा." एकाने विचारलं, "आणि पनीर टिक्का?" ती म्हणाली, "चालेल. दही कमी लावा. नाहीतर हिचा जीव जातो."

मला पाहून तिने भुवया उंचावल्या, पण बोलणं थांबवलं नाही. पाहुणे बाटल्या घेऊन गेल्यावर माझ्यासमोर आली. "न सांगता? तब्येत ठीक ना?"

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिने चष्मा वर करून पाहिली. आपलं अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी सगळं सांगितलं. पहिली बाटली मोरीत, बाकीच्या साहेबांना, खोका, ताप, फोन. चार वर्षं गप्प बसलो, हेही. तिने मधे एकदाच विचारलं.

"म्हणजे आईला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"मी येते म्हटलं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही?"

"नाही, ताई."

ती खुर्चीवर बसली. "मी दहाव्याला आले तेव्हा तिच्या फोटोला फूल वाहिलं नाही. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. मला वाटलं, थकली असशील."

"मेलेल्या आईवर रागावून बसले होते मी. तिच्याच घरात." तिने कागदाची घडी घातली. मग एकदम चिडून म्हणाली, "आणि भरत्याबरोबर छान लागली म्हणालास! तीन तीन वर्षं! मी इथे ते लोकांना सांगते रे. माझ्या भावाने घेऊन पाहिलंय म्हणून सांगते."

मग तिने विचारलं, "चिठ्ठी मिळाली असती तर?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिने तो कागद पदराच्या टोकात बांधला. खोटं बोललो असतो तर तिला ते सोपं गेलं असतं की अवघड, मला कळलं नाही. बाहेर गाडी थांबली, नवे लोक आले, ती उठून टेबलामागे गेली. त्यांना वाइन ओतू लागली. मी दोन तास बाकावर बसलो. सुट्टी झाल्यावर तिने मला स्टँडपर्यंत सोडलं. झाशीला चल, असं मी म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "आता कुणाकडे येऊ?" त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

पण त्यानंतर रविवारी सकाळी तिचा फोन यायला लागला. ती माझी चौकशी करत नाही. आईच्या शेवटच्या वर्षाविषयी विचारते, एकेक दिवस काढून. काय खायची, कुठल्या बाजूला निजायची, चालताना कशाला धरायची. मी आठवून सांगतो. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणतो. भर घालत नाही.

गेल्या रविवारी तिने विचारलं, "माझ्याविषयी काय म्हणायची? नेमके शब्द सांग."

मी सांगितलं. "म्हणायची, तिला आता आपली गरज नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"कितीदा म्हणाली?" ताईने विचारलं.

"पुष्कळदा."

"रडायची का?"

"नाही. दळण निवडता निवडता म्हणायची."

"अच्छा," ती म्हणाली. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. "सांग. आणखी काय म्हणायची?"